नेरिसच्या नळीतलं जास्तीचं वजन

१

निकाल जाहीर झाला, टाळ्या पडल्या, नेरिस प्यू नावाची ती अबोल मुलगी कानापर्यंत लाल झाली, आणि तेवढ्यात सोसायटीचा अध्यक्ष ह्यूगो ओकेंडन फळ्याकडे तोंड करून म्हणाला, "थांबा. हे जमत नाहीये."

टाळ्या एकेक करून विरल्या.

"काय जमत नाहीये?" हेस्टर डर्डनने विचारलं. यंदाची निवडणूक तिच्या गळ्यात पडली होती. मागच्या वर्षी पहिल्या वर्षाची प्रतिनिधी तीच होती, आणि मावळत्या प्रतिनिधीने पुढची निवडणूक पार पाडायची असा तिथला शिरस्ता होता.

"बेरीज जमत नाहीये," ह्यूगो म्हणाला.

फिजिक्स सोसायटीत शिरस्त्यांना तोटा नव्हता. इंग्लंडच्या उत्तरेकडल्या त्या विद्यापीठात बाकी सगळी मंडळं फोनवर बोट टेकवून मतं घेत. फिजिक्सवाल्यांना त्यात कमीपणा वाटे. त्यांच्याकडे दारातच प्रत्येकाच्या हातावर एक पोलादी छर्रा ठेवत. तो आपल्या उमेदवाराच्या पितळी नळीत टाकायचा, आणि शेवटी नळ्यांतले छर्रे मोजायचे नाहीत, नळ्या वजनकाट्यावर ठेवायच्या. मोजणं हे हिशेबनिसांचं काम, आपलं काम मापणं, असं कोणीतरी जुन्या काळी ठरवून गेलं होतं आणि ते बदलायची कोणाची छाती नव्हती.

उमेदवार तिघे. प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं आणि बोलता बोलता काहीतरी करून दाखवायचं. ओल्डमच्या दिलवर मियाने उकडलेलं अंडं बाटलीत घालून दाखवलं आणि ते बाहेर काढता न आल्याने भाषण तिथेच आटोपलं. कॉस्मो फेअरलीने तांब्याच्या नळीतून लोहचुंबक सोडला. तो पिसासारखा सावकाश खाली येत असताना कॉस्मो त्याच्याहून सावकाश बोलत राहिला. नेरिस काहीच बोलली नाही. वेल्समधल्या मेंढपाळाची ही पोर. तोंड उघडलं की सगळे आपल्या उच्चारांना हसतील अशी तिला धास्ती. तिने दोऱ्यांनी टांगलेलं एक ताट काढलं, त्यावर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवला, आणि ताट डोक्यावरून गरागरा फिरवलं. थेंब सांडला नाही. मग तोच कप तिने पहिल्या रांगेत बसलेल्या दिलवरच्या हातात दिला आणि म्हणाली, "घे, गार होईल." सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी.

मग नळ्या तोलल्या. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरला होता: आधी दिलवर, मग कॉस्मो, शेवटी नेरिस. ज्याने त्याने आपली नळी स्वतः टेबलापर्यंत आणायची, काट्यावर ठेवायची आणि दोन पावलं मागे सरायचं. ह्यूगोने आकडा फळ्यावर लिहायचा, झाकणावरची लाल पट्टी कापायची, आणि उमेदवाराने आपले छर्रे हेस्टरने धरलेल्या थैलीत ओतायचे. सगळं रीतसर झालं. कॉस्मो ओतत असताना एक छर्रा तेवढा निसटला, टेबलावरून घरंगळत गेला आणि पलीकडच्या टोकाला ठेवलेल्या त्याच्याच लोहचुंबकाला जाऊन चिकटला. "बघा, मतंसुद्धा माझ्याकडे ओढली जातात," कॉस्मो म्हणाला. सगळे हसले. ह्यूगो हसला नाही. त्याने छर्रा सोडवून थैलीत टाकला, टेबल आवरलं आणि नेरिसला पुढे बोलावलं.

नेरिसची नळी सगळ्यांत जड भरली होती.

"तिघांचं वजन मिळून," ह्यूगो आता म्हणत होता, "सोसायटीकडच्या एकूण छर्‍यांच्या वजनापेक्षा जास्त होतंय. आपल्याकडे आहेत त्याहून डझनभर तरी छर्रे जास्त टाकले गेलेत."

सभागृहात कुजबुज सुरू झाली आणि सगळ्यांच्या माना एका दिशेला वळल्या. नेरिस उठून उभी राहिली. रुमाल काढायला तिने कोटाच्या खिशात हात घातला, आणि रुमालाबरोबर काहीतरी बाहेर पडून फरशीवर आपटलं.

तो शिशाचा गोळा होता.

२

सोसायटीची खोली म्हणजे जिन्याखालची एक अडगळ. तिथे एक किटली होती, एकमेकांशी न जुळणारे कप होते, आणि वजनकाट्याचं ते टेबल चाकांवरून ढकलत परत तिथेच आणून ठेवलेलं होतं. हेस्टरने दार लावलं. आत ती, ह्यूगो आणि नेरिस.

"गळाला लावायचं शिसं आहे ते," नेरिस म्हणाली. "माझ्या भावाचं. ताट डुलू नये म्हणून खालून बांधलं होतं. अजून आहेत खिशात. बघा हवं तर."

"तेच तर," ह्यूगो म्हणाला. तो वाईट मुलगा नव्हता. चहा प्यायच्या आधी कप धुवायचा आणि प्यायल्यावर दोनदा धुवायचा, एवढंच त्याचं वैगुण्य. "वजन वाढलंय आणि तुझ्या खिशात वजनं आहेत. मी काय समजू?"

"समज तुला हवं ते."

"ह्यूगो, आधी थैली मोजू," हेस्टर म्हणाली.

थैलीला हेस्टरने सभागृहातच गाठ मारली होती आणि तेव्हापासून ती तिच्या खांद्यावरून उतरली नव्हती. जमिनीवर मांडी घालून दोघांनी छर्रे मोजले. सोसायटीच्या इतिहासात मतं मोजली जाण्याची ही बहुधा पहिलीच वेळ. दारात वाटले होते तेवढेच निघाले. एक कमी नाही, एक जास्त नाही.

"म्हणजे बाहेरून छर्रे आले नाहीत," हेस्टर म्हणाली.

"म्हणजे शिसंच," ह्यूगो म्हणाला. "हेस्टर, मला आनंद होत नाहीये हे बोलताना. पण नळी तिच्या हातात होती. उद्या चारला चहाला समिती बसेल. तोवर दुसरा काही खुलासा मिळाला नाही तर हिचं नाव रद्द. आणि विभागाला कळवावं लागेल."

नेरिसने खिशातले सगळे गोळे टेबलावर काढून ठेवले, अगदी हळू, आवाज न करता. "कळवा," ती म्हणाली. "तोवर मी नसेनच बहुतेक."

तिच्यामागे दार लागल्यावर हेस्टरने विचारलं, "नसेनच म्हणजे काय?"

ह्यूगोने खांदे उडवले, पण त्याचा चेहरा उतरला होता.

३

हेस्टरचे वडील अॅक्रिंग्टनला क्रिकेटचे पंच होते. शनिवारी पांढरा कोट घालून उभे राहात आणि इतर दिवशी घरातली भांडणंही त्याच थाटात सोडवत. हेस्टरला त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती: अकरा जण एका सुरात ओरडले म्हणून बोट वर करायचं नसतं. नेरिस खरं बोलते की खोटं, हे हेस्टरला ठाऊक नव्हतं. पण ओरडा फार पटकन झाला होता, एवढं तिला नक्की कळत होतं.

शुक्रवारी सकाळी तिने कॉस्मोला खानावळीत गाठलं. तो टोस्टवर घेवड्याचा डोंगर रचून बसला होता.

"या, पंचबाई," तो म्हणाला. "माझी जबानी घ्यायला आलात ना? घ्या. ती बाद झाली की मी निवडून येतो. संशयितांत माझं नाव पहिलं लिही."

"लिहिलंय."

"मग हेही लिही, की माझाच माल चोरीला गेलाय. लोहचुंबक! काकांनी दिलेला. मोठा, जबरदस्त, बोट सापडलं तर निळं पडेल असला. कालपासून गायब आहे. तांब्याची नळी मिळाली, चुंबक नाही."

"शेवटचा कधी बघितलास?"

"टेबलावर होता. छर्रा चिकटला, लोक हसले, मी जरा भाव खाल्ला. मग नेरिसची पाळी आली आणि माझ्याकडे कोण बघतंय! मीही तिच्याकडेच बघत होतो. तिच्या त्या चहाच्या खेळानंतर मला कळून चुकलं होतं की आपलं काही खरं नाही." त्याने टोस्ट खाली ठेवला. "हेस्टर, तिने लबाडी केली असेल असं वाटतं तुला?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, दोन मिनिटांत दोन शब्द बोलणारी मुलगी डझनभर मतांसाठी शिसं कशाला लपवेल? आणि मला असलं पद नको. कोणी मागे हसत असताना मिरवायचं म्हणजे कटकट."

कॉस्मो फेअरली दिसतो तेवढा उथळ नाही, अशी हेस्टरने मनात नोंद केली. पण लोहचुंबक नाहीसा झाल्याचं तिला तेवढंसं काही वाटलं नाही. विद्यार्थ्यांच्या वस्तू हरवतातच.

तिथून ती सोसायटीच्या खोलीत गेली. दिलवर मिया वजनकाट्याच्या टेबलाला पाठ टेकून जमिनीवर बसला होता आणि बॉलपेनने चहा ढवळत होता.

"हे काय रे घाणेरडं?"

"चमचा नाही मिळाला. ड्रॉवरमध्ये आहेत, पण निघत नाहीत, अडकलेत कशात तरी. जोर लावला तर टेबल हललं. वर ह्यूगोचा लाडका काटा. म्हटलं, मोडलं तर आपल्यालाही विभागाला कळवतील." त्याने पेन चाटून खिशाला लावलं. "बोल ताई, काय विचारायचंय?"

"नळी तोलताना तू पहिल्या रांगेत होतास. नेरिसने नळी काट्यावर कशी ठेवली?"

"कशी म्हणजे? तान्हं बाळ ठेवावं तशी. आणि लांब झाली. हात मागे बांधून उभी राहिली, शाळेत शिक्षा झाल्यासारखी."

"नळी सरळ उभी होती?"

"एकदम ताठ. फोटो आहे की माझ्याकडे." त्याने फोन पुढे केला.

हेस्टरने फोटो बोटांनी मोठा केला. पितळी नळी काट्याच्या तबकडीवर अगदी ताठ, बूड टेकून उभी होती. झाकणावरची लाल पट्टी शाबूत होती आणि झाकणाच्या भोकातून एक छर्रा जेमतेम जाईल. शिशाचा गोळा त्याच्या दुप्पट. म्हणजे गोळा आत जाणं शक्य नव्हतं. आणि बुडाला चिकटवला असता तर नळी कलंडली असती.

तिचं डोकं चालायला लागलं. शिसं नाही, तर मग काय? चारला हे सांगून ह्यूगोचं समाधान होणार नव्हतं. शिसं नव्हतं हे खरं; पण वजन होतंच, अख्ख्या सभागृहाने ते बघितलं होतं.

"दिलवर, तुला कोणाचा संशय येतो?"

"मला माझाच येतो," दिलवर गंभीरपणे म्हणाला. "मी माझं मत मला टाकलं, माझ्या दोन्ही खोलीसोबत्यांनी शपथेवर मला टाकलं, आणि तरी माझी नळी रिकामा डबा वाजावा तशी वाजत होती. चौकशी करायचीच तर त्याची कर." मग त्याचा आवाज खाली आला. "नेरिसला जाऊन भेट. ती काल जेवायला आली नाही."

४

वसतिगृहातलं नेरिसचं दार उघडंच होतं. खाटेवर एक बॅग भरून तयार होती, आणि तिच्या शेजारी नेरिस पाय वर घेऊन बसली होती.

"संध्याकाळची गाडी आहे," ती विचारण्याआधीच म्हणाली.

"समितीच्या आधी पळतेस?"

"नंतरची आहे. पळत नाहीये." तिने बॅगेचा पट्टा आवळला, सैल केला. "हे आधीच ठरलं होतं. आईला सांगितलं होतं मी, ऑक्टोबर संपेपर्यंत बघते. नाही जमलं तर घरी येते. इथे आल्यापासून वर्गात मला कोणी नावाने हाक मारली नाही गं. मारली ती चुकीची. दुकानात जाऊन दूध मागितलं तरी माणूस तीनदा 'काय?' म्हणतो. म्हटलं, एकदा उभं राहून बघू. अगदीच कमी मतं पडली तर कळेल की आपलं इथे कोणी नाही. मग जायला सोपं."

"आणि पडली जास्त."

"हो ना!" ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले. "टाळ्या वाजत होत्या ना, तेव्हा मनात म्हटलं, आईला सांगते, बॅग सोडते. आणि आता ते सगळं खोटंच होतं. मी काही केलेलं नाही, हेस्टर. पण वजन खोटं होतं हे खरंच आहे ना? म्हणजे मला पडलेली मतंही खोटी. किती पडली असतील खरी? पाच?"

हेस्टरला आत्तापर्यंत हा खेळातला पेच वाटत होता. समोर बसलेली मुलगी नाव रद्द होईल म्हणून रडत नव्हती. आपण इथे कोणाला हव्या होतो का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं, आणि ते सांगू शकणारी एकच गोष्ट काल थैलीत मिसळून गेली होती.

"चारला ये," हेस्टर म्हणाली. "बॅग घेऊन ये हवं तर. पण ये."

"येऊन काय होणार?"

"माहीत नाही अजून," हेस्टरने कबूल केलं.

५

बाहेर पडल्यावर ती कँटीनच्या पायऱ्यांवर चहा घेऊन बसली आणि वडील मैदानावर करायचे तसं मनातल्या मनात चेंडू मागे नेऊन बघू लागली.

नळीत जास्त काही गेलं नव्हतं. नळीला बाहेरून काही चिकटलं नव्हतं. छर्रे होते तेवढेच होते. नेरिसने हात लावला नव्हता. म्हणजे नळीचं वजन वाढायला जागाच नव्हती. आणि तरी काट्याने ते वाढलेलं दाखवलं.

ओरडा नेहमी फलंदाजाच्या नावाने होतो, वडील म्हणत. पंचाने आधी खेळपट्टी बघायची.

काल सगळ्यांनी नेरिसकडे बघितलं होतं. एकानेही काट्याकडे बघितलं नव्हतं. फिजिक्सच्या पोरांना देवाबद्दल शंका असते, सरकारबद्दल असते, स्वतःच्या आईच्या पाककृतीतल्या मापांबद्दल असते. पण काट्यावर आकडा उमटला की ती शरण जातात. हेस्टरही गेली होतीच की.

मग काट्याने दिलवरची नळी बरोबर तोलली, कॉस्मोची बरोबर तोलली, आणि नेरिसच्याच वेळी बिघडला? असं कसं? कॉस्मो आणि नेरिस यांच्यामध्ये काय झालं होतं? काहीच नाही. छर्रा घरंगळला, लोक हसले, ह्यूगोने टेबल आवरलं.

टेबल आवरलं.

चहात साखर राहिली होती. ढवळायला तिने आत जाऊन काउंटरवरच्या डब्यातला एक चमचा उचलला आणि तो हातात धरून तशीच उभी राहिली. मग कप तिथेच ठेवून ती धावत सुटली. कँटीनवाल्या बाई मागून ओरडल्या, "अगं पोरी, चमचा!"

६

चारला जिन्याखालच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ह्यूगो टेबलाशी उभा होता, कॉस्मो दाराला टेकून, दिलवर जमिनीवर. नेरिस बॅगेसकट आली आणि बॅगेवरच बसली.

"मिळाला खुलासा?" ह्यूगोने विचारलं. त्याच्या आवाजात आशा होती, हे हेस्टरने नीट ऐकलं.

"एकच प्रश्न राहिलाय, तो तुला आहे. काल कॉस्मोचा छर्रा लोहचुंबकाला चिकटला. तू तो सोडवलास. मग लोहचुंबकाचं काय केलंस?"

"बाजूला ठेवला. पोलादी छर्रे तोलताना काट्याजवळ लोहचुंबक नको, हे तर शेंबड्या पोरालाही कळतं. काट्यावर तशी सूचनाच चिकटवलीय. मीच चिकटवलीय."

"बाजूला म्हणजे कुठे?"

"सुरक्षित जागी. टेबलाच्या ड्रॉ..."

ह्यूगो बोलता बोलता थांबला. त्याने टेबलाकडे बघितलं. टेबलावरच्या काट्याकडे बघितलं. मग काट्याच्या बरोबर खाली, टेबलाच्या पातळ फळीखाली असलेल्या ड्रॉवरकडे बघितलं. त्याच्या गोऱ्या चेहऱ्यावरचा होता नव्हता तो रंग उडाला.

"अरे देवा," तो म्हणाला.

"कोणीही उघडू नका अजून," हेस्टर म्हणाली. "दिलवर, सकाळी चमचे कशात अडकले होते?"

"अडकले नव्हते," दिलवर सावकाश म्हणाला. "धरून ठेवले होते!"

"माझा चुंबक!" कॉस्मो ओरडला.

"फळी लाकडाची आहे. लोहचुंबक दिसेनासा झाला म्हणजे गेला असं नाही," हेस्टर म्हणाली. "नळी पितळेची, तिला काही होत नाही. पण आतले छर्रे पोलादी. चुंबक त्यांना खालून ओढत होता आणि काटा बिचारा ती ओढ वजन म्हणून सांगत होता. दिलवर आणि कॉस्मोच्या वेळी चुंबक टेबलाच्या टोकाला होता, म्हणून त्यांचे आकडे खरे. नेरिसच्या वेळी तो बरोबर खाली होता. ह्यूगो, तू काळजी घेतलीस ना, तिथेच घोटाळा झाला."

"हे सिद्ध करता येईल?" ह्यूगोने विचारलं. बिचाऱ्याची सवय जाईना.

"येईल की. आणि त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट कळेल." हेस्टरने थैली टेबलावर ठेवली आणि नेरिसकडे बघितलं. "सगळे छर्रे परत आलेत, म्हणजे प्रत्येकाने मत दिलंय. दिलवरचं वजन खरं, कॉस्मोचं खरं. तेवढे छर्रे बाजूला काढले की उरतील ते सगळे नेरिसचे. दुसरे कोणाचे असूच शकत नाहीत."

नेरिस बॅगेवरून उठली.

त्यांनी छर्रे बाजूला काढले. उरलेले नेरिसच्या नळीत भरले, आणि नळी काट्यावर ठेवली. ड्रॉवर अजून बंदच होता. काट्यावर कालचाच आकडा आला, शेवटच्या घरात जरासा फरक असेल तेवढाच. मग हेस्टरने दोन्ही हातांनी ड्रॉवर ओढून काढला आणि चमच्यांच्या झुपक्यासकट तो दाराबाहेर कॉस्मोच्या हवाली केला. काट्यावरचा आकडा झरकन उतरला आणि स्थिर झाला.

ह्यूगो नेरिससमोर जाऊन उभा राहिला. "मी चुकलो," तो म्हणाला. "चुंबक मी ठेवला आणि आळ तुझ्यावर घेतला. सगळ्यांसमोर घेतला, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागेन. सोमवारी, वर्ग सुरू व्हायच्या आधी. आत्ताही मागतो."

"बरं," नेरिस म्हणाली. तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. ती काट्याकडे बघत होती. "किती झाले?"

हिशेब सगळ्यांनी मनात केला होता.

"कॉस्मोपेक्षा एक कमी," शेवटी हेस्टर म्हणाली. "तू हरलीस, नेरिस. एका मताने."

नेरिसने नळी उचलली. दोन्ही हातांनी उचलावी लागली इतकी जड होती. झाकण काढून तिने आत बघितलं. वरपर्यंत छर्रे होते, एकमेकांवर दाटीवाटीने बसलेले.

"एवढे?" ती म्हणाली. "खरे? एवढ्या लोकांनी मला टाकलं?"

"खरे," हेस्टर म्हणाली.

"त्यातला एक माझ्या खोलीसोबत्याचा असणार," दिलवर म्हणाला. "चहा माझ्या हातात दिलास, तेव्हाच त्याने पक्ष बदलला. विश्वासघातकी!"

"हे बघा, एका मताचं काय एवढं?" कॉस्मो दारातून म्हणाला. चुंबक चमच्यांसकट त्याच्या मनगटाच्या घड्याळाला चिकटला होता आणि तो ते सोडवत होता. "पुन्हा मतदान घेऊ. मी खोटं कशाला बोलू, मी माझं मत मलाच टाकलंय."

नेरिस एकदम हसायला लागली. इतकी, की तिला नळी खाली ठेवावी लागली.

"काय झालं?"

"मी पण," ती म्हणाली. "मी पण तुलाच टाकलं! आपणच आपल्याला मत द्यायचं म्हणजे... आमच्याकडे बरं दिसत नाही ते."

ह्यूगो ओकेंडन, सोसायटीचा अध्यक्ष, ज्याला कोणी कधी मोठ्याने हसताना बघितलं नव्हतं, तो भिंतीला टेकला आणि डोळे पुसेपर्यंत हसला. म्हणजे तो छर्रा तिने आपल्या नळीत टाकला असता, तर आज प्रतिनिधी तीच असती.

"पुन्हा मतदान," कॉस्मोने परत सुरू केलं.

"नको," नेरिस ठामपणे म्हणाली. "माप आलंय ते आलंय. तू हो प्रतिनिधी. पण पुढच्या वर्षी मी समितीसाठी उभी राहणार आहे आणि तेव्हा मला अजिबात लाज वाटणार नाही."

थोड्या वेळाने हेस्टर कप धुवायला बाहेर आली. जिन्यापाशी बॅग पडली होती, आणि बॅगेवर बसून नेरिस फोनवर बोलत होती, वर्गात कधी बोलली नव्हती एवढ्या मोठ्या आवाजात.

"आई, मी हरले! ... अगं, रडत नाहीये, हसतेय! ... हो, एका मताने. ... कोणाच्या म्हणजे? माझ्याच! ... नाही, आज नाही येत. पुढच्या शनिवारीही नाही. नाताळला येईन. आणि दादाला सांग, त्याचं शिसं मला इथे अजून लागणार आहे."